यादीत नसलेला पर्याय

तुमचं नाव चीतू. साल १८१८, थंडी अजून ओसरलेली नाही. नर्मदेच्या उत्तर काठावर नेमावरला तुमची छावणी होती, ती उठली. घोडे थकलेत, माणसं पांगलीत, इंग्रजांच्या पलटणी चारी बाजूंनी जवळ येत चालल्या आहेत. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

१. इंग्रजांना शरण जायचं.
२. जुन्या धन्याच्या, म्हणजे शिंद्यांच्या, आसऱ्याला जायचं.
३. जंगलात शिरायचं.

एक आकडा निवडा आणि पुढे वाचा.

या तिन्ही वाटा तीन पेंढारी सरदारांनी प्रत्यक्षात चालून पाहिल्या. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनानी सर जॉन माल्कमला शरण गेला. त्याला दूर गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो तिथे शेतकरी होऊन जगला. वासिल महंमद ग्वाल्हेरला शिंद्यांच्या आश्रयाला गेला. शिंद्यांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. गाझीपूरला नजरकैदेत असताना त्याने पळून जायचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्याने विष घेतलं. चीतू जंगलात शिरला. वर्षभराने, १८१९ च्या फेब्रुवारीत, त्याला वाघाने खाल्लं.

चीतूने त्याआधी भोपाळच्या नवाबामार्फत चौथी वाटही मागून पाहिली होती. मला माझ्या माणसांसकट ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत घ्या, इथेच जगायला जहागीर द्या, अशी ती मागणी होती. कंपनी द्यायला तयार होती ती माफी आणि दूर उत्तर हिंदुस्थानात पोटापुरतं काही. चीतूला हवा असलेला पर्याय यादीत नव्हता, म्हणून तो पुन्हा घोड्यावर बसला.

देवास जिल्ह्यातलं खातेगाव हे याच मुलखातलं तालुक्याचं गाव. इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता इथून जातो. दक्षिणेला थोड्या अंतरावर नेमावर, तिथलं सिद्धनाथाचं जुनं देऊळ आणि पलीकडच्या तीरावर हंडिया. उत्तरेला विंध्याच्या उतरणीवरचं खिवनीचं जंगल. पश्चिमेला सतवास, जे एकेकाळी चीतूच्या जहागिरीत होतं. हा टापू होळकरांच्या राज्यात होता, त्यामुळे त्याच्या इतिहासात मराठी नावं पानोपानी भेटतात. अशा ठिकाणी उभं राहून अगदी आजच्या काळातल्या एका वाङ्मयप्रकाराकडे पाहावं, असा या लेखाचा बेत आहे. त्या प्रकारात वाचक फक्त वाचत नाही, मधूनमधून निवड करतो आणि कथा त्याच्या निवडीप्रमाणे वळते. त्यातही मला विशेष रस आहे तो छावणीत कोंडलेल्या आणि तिथून उठाव करणाऱ्या लांडगा-माणसांच्या कथेत.

शब्दांचा खेळ

संगणकावर चित्रं काढणं अवघड होतं त्या काळात हा प्रकार जन्मला. १९७६ च्या सुमारास विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रॅमरने, जो गुहा धुंडाळण्याचा छंद असलेला माणूस होता, ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला. पडद्यावर फक्त मजकूर येई: समोर गुहा आहे, दिवा पडला आहे. वाचकाने ‘उत्तरेला जा’, ‘दिवा उचल’ अशा आज्ञा टंकायच्या. पुढच्या वर्षी डॉन वुड्स याने त्यात भर घातली. मग एमआयटीतल्या मुलांनी ‘झॉर्क’ केला. छापील पुस्तकांतही हेच घडत होतं. १९७९ मध्ये एडवर्ड पॅकर्ड याचं ‘द केव्ह ऑफ टाइम’ आलं आणि ‘अमुक करायचं असेल तर पान इतकं उघडा’ म्हणणाऱ्या पुस्तकांची मोठी मालिका सुरू झाली.

२००९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ख्रिस क्लिमस याने ‘ट्वाइन’ हे फुकट साधन काढलं. प्रोग्रॅमिंग न येणारा लेखकही त्यात फांद्या फुटणारी कथा रचू शकतो. त्याच वर्षी ‘चॉइस ऑफ गेम्स’ ही अमेरिकी संस्था उभी राहिली. तिच्या कादंबऱ्यांत चित्र नसतं, आवाज नसतो. सगळं काम शब्द करतात आणि दर दोन-तीन परिच्छेदांनी वाचकापुढे पर्याय येतात.

या संस्थेने २०१८ मध्ये जेफ्री डीन याची ‘वेअरवुल्व्ज : हेवन रायझिंग’ ही कादंबरी काढली. भविष्यातली अमेरिका. लांडगा-माणसं अस्तित्वात आहेत हे जगाला कळून चुकलंय आणि उरलेल्यांना लष्कराच्या पहाऱ्यात एका छावणीत ठेवलंय. तिचं नाव ‘हेवन’, म्हणजे आसरा. वाचक हा त्या छावणीत वाढलेला तरुण किंवा तरुणी. लढायचं की वाटाघाटी करायच्या, अंगातल्या लांडग्याला मोकळं सोडायचं की आवरायचं, कळपाचं ऐकायचं की स्वतःचं, हे ठरवत वाचकाने पुढे जायचं. पुढे या मालिकेचे आणखी भागही आले.

यातली कारागिरी समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक ठिकाणी फक्त दोन पर्याय दिले आणि प्रत्येकातून वेगळी कथा फुटू दिली, तर दहाव्या वळणावर १,०२४ कथा होतात आणि विसाव्या वळणावर १०,४८,५७६. एवढं कोण लिहिणार? म्हणून लेखक फांद्या फुटू देतो आणि काही अंतरावर पुन्हा एकत्र आणतो. वाचकाने काय निवडलं याची मात्र नोंद ठेवतो. तुम्ही शिपायावर दया केलीत, तर तो शिपाई पुढे कधीतरी तुम्हाला ओळखतो. तुम्ही मित्राला सोडून पळालात, तर तो मित्र पुढच्या प्रकरणात तुमच्याशी बोलत नाही. घटना बऱ्याचदा त्याच राहतात, माणसांचं तुमच्याशी असलेलं नातं बदलतं.

म्हणजे वाचकाला जेवढं स्वातंत्र्य वाटतं तेवढं त्याला नसतं. यादी लेखकाने आधीच लिहिलेली असते. सामान्य दर्जाची कथा हे लपवते. चांगली कथा ते वापरते. समोर चार पर्याय आहेत, चारही वाईट आहेत, आणि हवा तो त्यांत नाही, हा अनुभव ती वाचकाला देते. छावणीतल्या माणसाची गोष्ट सांगायला हे रूप इतकं चपखल बसतं, ते यामुळे. कादंबरी वाचताना आपण नायकाची कोंडी पाहतो. इथे बोट आपलं असतं आणि ते ठेवायला बरी जागा सापडत नाही.

चीतूची गोष्ट, दोन्ही बाजूंनी

चीतू जन्माने जाट, दिल्लीजवळच्या मेवातातला. दुष्काळात लहानपणीच तो एका पेंढारी सरदाराला विकला गेला, असं माल्कमने लिहून ठेवलंय. पेंढारी ही एक जात नव्हती. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, मोडलेल्या फौजांतले शिपाई होते, पोटासाठी घोड्यावर बसलेले होते. मराठी फौजांच्या मागेपुढे हे स्वार चालत. त्यांना पगार नसे, लूट हाच पगार, आणि त्या लुटीच्या परवानगीबद्दल सरकारात पालपट्टी भरावी लागे. कोणी शिंदेशाही, कोणी होळकरशाही म्हणून ओळखला जाई. चीतूला दौलतराव शिंद्यांनी नवाब हा किताब दिला आणि नंतर काही वर्षं कैदेतही टाकलं. सुटल्यावर नर्मदाकाठच्या याच पट्ट्यात त्याने बस्तान बसवलं.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबायला हवं. पेंढाऱ्यांना वापरणारी सत्ता आपली होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये ग्वाल्हेरच्या तहात शिंद्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांना मदत करायचं कबूल केलं. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरही बांधले गेले. गरज होती तोवर स्वार, गरज संपल्यावर लुटारू. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेसाठी जमवलेली फौज लाखाच्या वर होती आणि पेंढारी असतील वीस-तीस हजार. त्या तफावतीतूनच कळतं की मोहिमेचं निशाण पेंढाऱ्यांवर असलं, तरी दडपण मराठी राज्यांवर आणायचं होतं.

पण चीतूला नुसता बळी म्हणून रंगवलं, तर गोष्ट खोटी ठरेल. १८१६ मध्ये त्याच्याकडच्या टोळ्या थेट पूर्व किनाऱ्यावरच्या गुंटूरपर्यंत गेल्या. त्या धाडीबद्दलचे कंपनीचे अधिकृत आकडे असे: साधारण बारा दिवसांत ३३९ गावं लुटली गेली, १८२ माणसं ठार झाली, ५०५ गंभीर जखमी झाली, आणि ३,६०० हून अधिक लोकांचे पुरलेला पैसा कुठे आहे ते सांगावं म्हणून हाल केले गेले. आकडे इंग्रजांचे आहेत, युद्धाचं समर्थन म्हणून ते पुढे केले गेले, हे मान्य. तरी गुंटूरच्या एखाद्या विणकराला विचारलं असतं, तर त्याने चीतूला लांडगाच म्हटलं असतं आणि त्याचं चुकलं नसतं.

लांडगा-माणसांच्या बऱ्याचशा कथा इथे डळमळतात. दडपलेला माणूस निर्मळ असतो असं त्या गृहीत धरतात. ज्या कथेत वाचकाला निवड करावी लागते तिला ही पळवाट घेता येत नाही. वाचकाच्या हातात घोडा, तलवार आणि उपाशी टोळी दिली, तर त्याने गाव लुटायचं की नाही, हा प्रश्न त्याच्यावर येतोच.

चीतूचा शेवट माल्कमने तपशिलाने नोंदवलाय. नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात लपले होते. चीतू त्यांना जाऊन मिळाला. दोघे असीरगडापर्यंत गेले. आप्पासाहेबांना गडावर आसरा मिळाला, चीतूला मिळाला नाही. तो पुन्हा जंगलात शिरला. काही दिवसांनी त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. पिशवीत थोडे रुपये, मोहरांच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबांची पत्रं होती. माग काढत गेल्यावर रक्ताचे डाग, फाटके कपडे आणि ओळखता येण्यासारखं राहिलेलं डोकं मिळालं. ते माल्कमच्या छावणीत आणलं गेलं आणि पुढे दफनासाठी चीतूच्या मुलाकडे दिलं गेलं.

परतीचं मूळ

युरोपात माणसाचा लांडगा होतो, नर्मदेच्या खोऱ्यात वाघ होतो. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत या समजुतीला एक अख्खं प्रकरण दिलंय. एक विशिष्ट मूळ खाल्लं की माणूस वाघ होतो आणि दुसरं खाल्लं की परत माणूस. असा वाघ ओळखायची खूण म्हणजे त्याला शेपूट नसतं. त्यातल्या एका गोष्टीत वाघ होऊ पाहणारा माणूस परतीचं मूळ जवळच्या माणसाच्या हातात देतो. समोर वाघ उभा राहतो, ते पाहून धरणाऱ्याची बोबडी वळते, मूळ हातून पडतं. परत यायची वाट बंद होते आणि तो वाघ मग भीतीमुळे चुकलेल्या त्या माणसावरच उलटतो.

पाश्चात्त्य लांडगा-माणसाच्या कथेत बदल पौर्णिमेने होतो, चाव्याने होतो, रक्ताने होतो. म्हणजे दोष त्या प्राण्याच्या अंगात असतो. इथे परतणं दुसऱ्याच्या हातात आहे. जवळचा माणूस न घाबरता उभा राहिला, तर वाघ पुन्हा माणूस होतो.

युरोपातही सगळ्या लांडगा-माणसांनी खाली मान घातली नव्हती. १६९२ मध्ये लिव्होनियात, म्हणजे आजच्या लॅटव्हियाच्या परिसरात, थीस नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने न्यायालयात सरळ सांगितलं की मी लांडगा-माणूस होतो. पण आम्ही सैतानाचे नव्हे, देवाचे कुत्रे. चेटक्यांनी पळवलेलं धान्याचं पीक आम्ही नरकातून परत आणतो. न्यायाधीशांनी त्याला कबूल करायचं की नाकारायचं एवढेच दोन पर्याय दिले होते. त्याने तिसरा काढला. अर्थात फटक्यांची आणि हद्दपारीची शिक्षा चुकली नाही.

याच स्लीमनच्या नावावर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, १८५२ मध्ये त्याने लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांबद्दल एक पुस्तिका छापली. अवधच्या गावांतून ऐकलेल्या आणि पाहिलेल्या हकिकती त्यात आहेत. चार दशकांनी किपलिंगने सिवनीच्या जंगलात मोगली आणला, त्याआधीच या हकिकती इंग्रजीत पोचल्या होत्या. दुसरी, ठगांचा बंदोबस्त. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं, तरी जन्मठेप देता येऊ लागली. अमुक खून याने केला, हे दाखवायची गरज उरली नाही. माफीच्या साक्षीदारांकडून स्लीमनने ठगांच्या वंशावळ्या लिहून घेतल्या. लांडग्यांत माणूस शोधणारा आणि माणसांची कुळं धोकादायक म्हणून नोंदवणारा अधिकारी एकच असावा, हा योगायोग वाटत नाही. कोण माणसात आणि कोण जंगलात, ही रेघ आखणं हेच त्या राज्याचं मोठं काम होतं.

बक्षीस आणि हजेरी

ती रेघ पुढे दोन ठिकाणी कायद्यात उतरली. पहिली वन्य प्राण्यांवरची बक्षिसं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडलेल्या हिशोबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी मारलेले वाघ ८०,००० हून जास्त, बिबटे दीड लाखाहून जास्त आणि लांडगे सुमारे दोन लाख. वाघाच्या शिकारीला प्रतिष्ठा होती, लांडग्याला तीही नव्हती. तो मेंढरं नेणारा, पोरं नेणारा, संपवून टाकायचा प्राणी.

दुसरा १८७१ चा सत्ताविसावा कायदा, गुन्हेगार जमातींचा. अख्ख्या जमातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवायची सोय त्यात होती. नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सगळ्यात बिनतोड तरतूद अशी की सरकारने एकदा अधिसूचना काढली की तीच अखेरचा पुरावा. आपण गुन्हेगार जमातीतले नाही, असं म्हणायला न्यायालयाचं दार उघडं नव्हतं. फांद्या फुटणाऱ्या कथेच्या भाषेत सांगायचं, तर त्या पानावर निवडीचा प्रश्नच नव्हता.

हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या दुरुस्तीने तो सगळ्या प्रांतांना लावता येऊ लागला, आणि मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत त्यांतली प्रसिद्ध. लोक तिला सेटलमेंटच म्हणत आणि शहरात तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. पुरुष-बायका गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत येत. हेवन ही कादंबरीतली छावणी वाचताना मराठी वाचकाला अमेरिकेची कल्पना करायची गरज नाही. सोलापूरची आठवण पुरते.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. १२७ च्या आसपास जमाती आणि सव्वा कोटीहून अधिक माणसं त्याखाली होती, असं सांगितलं जातं. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या संशयाची यादी फारशी बदलली नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते आयोगाने त्यानंतर दशकभराने यावर अहवाल दिले. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष मराठी होते, हेही लक्षात राहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातिभेद घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणारी त्या नियमावल्यांतली भाषाही त्यात बाद ठरली.

मराठी साहित्याने हे आतून लिहिलंय. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. मांगांवर हजेरीची सक्ती, दुष्काळात उपाशी मरणारी माणसं, त्यांच्यासाठी धान्य लुटणारा फकिरा, आणि त्याच्या माणसांना डांबल्यावर स्वतःहून हजर होणारा फकिरा. गुंटूरची लूट आणि फकिराची लूट यांत फरक कुठे पडतो, हे ही कादंबरी न शिकवता दाखवते. फकिरा लुटतो ते वाटण्यासाठी, आणि किंमत द्यायची वेळ आली की ती स्वतः देतो. पुढे लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. या पुस्तकांत पोलीस येतात तेव्हा घरातल्या माणसांपुढे काय काय मार्ग असतात, हे वाचकाला पानोपानी मोजता येतं. पळावं, तर गुन्हा कबूल केल्यासारखं. थांबावं, तर मार. नाव सांगावं तर जात कळते, खोटं सांगावं तर तोच गुन्हा.

खिवनी

आता पुन्हा खातेगावकडे. इथून उत्तरेला पसरलेलं खिवनी अभयारण्य १९५५ चं, क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर, देवास आणि सीहोर या दोन जिल्ह्यांत. वाघ, बिबटे, अस्वलं इथे आहेत. लांडग्याचं घर मात्र माळवा आणि दख्खनच्या उघड्या माळरानावर, गावांच्या आणि मेंढवाड्यांच्या शेजारी, आणि म्हणून अभयारण्याच्या हद्दीत त्याला फारशी जागा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण दिलं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे ३,१०० लांडगे उरलेत आणि त्यांत मध्य प्रदेश पहिला. ज्या प्राण्याला मारल्याबद्दल बक्षीस होतं, त्याला मारल्याबद्दल आता तुरुंग आहे. कायद्याला यादी उलटी करता येते, याचा हा धडधडीत दाखला.

ती यादी माणसांसाठी किती हळू उलटते, हे जून २०२५ मध्ये याच तालुक्यात दिसलं. खिवनी खुर्द इथे वनविभागाने अतिक्रमण म्हणून आदिवासींची पन्नासएक घरं पाडली, तीही ऐन पावसाच्या तोंडावर. खातेगावात आदिवासींचा मोठा मोर्चा निघाला. तिथले खासदार आणि केंद्रीय मंत्री शिवराजसिंह चौहान गावकऱ्यांना घेऊन मुख्यमंत्र्यांना भेटले, आणि सीहोरच्या वनमंडळ अधिकाऱ्याला हटवण्यात आलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही सीमारेषा ठरवली आहे. त्याआधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा असेल, तर हक्क मिळू शकतो. कागद नसलेल्या माणसाने कागदाने सिद्ध करायचं, अशी ही परीक्षा असते.

इथे सोपा निष्कर्ष काढायचा मोह टाळायला हवा. जंगल वाचलं पाहिजे हे खरं. गेल्या काही दशकांत त्याची झालेली तोडही खरी. पण प्रश्न समोर ठेवताना ‘वाघ की माणूस’ अशी दोनच पानं उघडी ठेवली, तर ज्याच्याकडे बुलडोझर आहे त्याचंच पान वाचलं जातं. गावाला विश्वासात घेऊन हद्द ठरवणं, वनहक्काचे दावे आधी निकाली काढणं, पावसाळ्यापूर्वी पुनर्वसन करणं, हे पर्याय कायद्यात लिहिलेले आहेत. ते पुढ्यात मांडले जात नाहीत, एवढंच.

मराठीत लिहायचं झालं तर

मराठीत अशी निवडीची कथा कशी असावी? पडद्यावर देवनागरी चालते, ट्वाइन फुकट आहे, मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. तांत्रिक अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती आराखड्याची, आणि वर आलेली सामग्रीच तो आराखडा सुचवते.

पहिलं म्हणजे कथेने हजेरी लक्षात ठेवावी. वाचकाने आज कुठेही जायचं ठरवलं, तरी संध्याकाळी अमुक वेळेला चौकीवर परतायला हवं. एकदा चुकला की नोंद, दोनदा चुकला की त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला शिक्षा. हे कुठेही भाषणात सांगायची गरज नाही. पंचवीस पानांनंतर वाचक आपोआप घड्याळाकडे पाहू लागेल.

दुसरं, वाचकाला एकाच बाजूला ठेवू नये. एक प्रकरण चीतूच्या घोड्यावरून, पुढचं गुंटूरच्या घरातून, त्यापुढचं माल्कमच्या छावणीतल्या कारकुनाच्या टेबलावरून. कारकुनाचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जमातींच्या याद्या, बक्षिसांची बिलं, अतिक्रमणाच्या नोटिसा कोणीतरी हातानेच लिहिल्या. वाचकाने तो कारकून व्हावं, समोरच्या माणसाचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं हे ठरवावं, आणि चाळीस पानांनंतर त्याच रकान्यातून आलेल्या माणसाच्या भूमिकेत उभं राहावं. छापील कादंबरीला एवढी सांधेजोड जड जाते. या रूपाला ती सहज जमते, कारण वाचकाची निवड ते विसरत नाही.

तिसरं, नर्मदेच्या खोऱ्यातल्या त्या मुळाचा उपयोग करावा. वाघ होणं वाचकाच्या हातात, परतणं दुसऱ्याच्या. म्हणजे कथेभर वाचकाने कोणाचा विश्वास कमावला आणि कोणाचा गमावला, यावर शेवट ठरेल. पाश्चात्त्य खेळांतल्या उठावात शक्ती मोजली जाते. इथे सोबत मोजली जाईल.

राहतो प्रश्न, लिहायचं कोणी. चॉइस ऑफ गेम्सची कादंबरी कल्पनेतल्या जमातीबद्दल आहे, तिथे कुणाचाही अपमान होत नाही. आपल्याकडे तार खरी होती. १९९८ मध्ये पश्चिम बंगालातल्या पुरुलियात बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी तो प्रश्न हाती घेतला. त्यातून स्फूर्ती घेऊन अहमदाबादच्या छारानगरातल्या छारा समाजाच्या मुलामुलींनी बुधन थिएटर उभं केलं आणि आपल्या वस्तीची गोष्ट स्वतः रस्त्यावर सादर करू लागली. त्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही.

सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, मराठवाड्यातल्या पारधी वस्त्यांवर, खिवनीच्या भोवतालच्या कोरकू, गोंड आणि बारेला पाड्यांवर आज शिकणारी मुलं आहेत. त्यांच्याकडे आजीने सांगितलेली हजेरीची हकिकत आहे, आयोगांचे अहवाल त्यांच्याबद्दल आहेत, आणि फोन त्यांच्या खिशात आहे. पेंढाऱ्यांच्या बाबतीत पर्याय इंग्रजांनी लिहिले, १८७१ मध्ये कायदामंडळाने, खिवनीत वनविभागाने. या मुलांनी एकदा प्रश्नपानं स्वतः रचावीत आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यांतून चालवावं. कुठली वाट बंद आहे, कुठली फक्त दाखवण्यापुरती उघडी आहे आणि कुठली कोणी कधी मांडलीच नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच लिहिता येणार नाही.